कोरडे हात

शेळ्या गोठ्याच्या चौकटीला अंग घासायला लागल्या, त्या सकाळी सासूने घरातली तेलाची बाटली उचलली, फळीच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवली आणि तिच्यावर पातेलं उपडं घातलं. आता शेवटची शेळी विंचरून होईपर्यंत या घरात बायकांच्या हाताला तेल लागायचं नाही. केसांना नाही, टाचांना नाही, बोटांच्या भेगांना तर नाहीच. भाजीत तेल पळीने घालायचं आणि पळी लगेच राखेने घासून टाकायची. हा नियम सासूचाच होता. तीस वर्षांत आपण तो एकदाही मोडला नाही, असं ती दरवर्षी न विचारता सांगायची.

"आणि माझ्या डोक्याचं काय?" धाकट्या मुलाने विचारलं.

"तू शेळ्या विंचरतोस?"

"नाही."

"मग ओत घागरभर."

धाकटी सून चौकटीला चिकटलेली लव चिमटीने काढून ओच्यात टाकत होती. थोरली शहरात असते आणि या गोष्टीत ती येणार नाही, पण धाकटीला सगळे धाकटीच म्हणतात. पाठीमागे तिखट म्हणतात, आणि ते तिला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा शेळी कुठून धरायची हेही तिला कळत नव्हतं. आता एकतीस शेळ्यांतली कुठली कुठल्या बाजूने लाथ मारते, हे ती डोळे मिटून सांगेल. एवढं येणाऱ्या माणसाने थोडं मिरवलं तर त्यात काही चूक नाही.

यंदा थंडीने मुक्काम वाढवला होता. दरवर्षी या दिवसांत म्हाताऱ्या शेळ्या विंचरून व्हायच्या आणि तरण्यांची पाळी यायची. यंदा सगळ्या एकदमच सुटायला आल्या होत्या. शेळीच्या अंगावर दोन थर असतात. वर राठ, लांब केस, आणि खाली थंडीपुरती उगवलेली मऊ लव. थंडी सरली की ही लव कातडी सोडते. सोडण्याआधी ओढली तर शेळीला रक्त येतं. सोडल्यावर काढली नाही तर ती काट्यांना आणि कुंपणांना वाटून येते. मधले आठ-दहा दिवस माणसाचे.

सासूने पहिल्या शेळीच्या खांद्यामागे दोन बोटं खुपसली. बराच वेळ ठेवली.

"दोन दिवस थांबा," ती म्हणाली.

"सुटलीय की," धाकटी ओचा दाखवत म्हणाली. "ही बघा चौकटीवर केवढी."

"तुला विचारलं?"

नव्हतं विचारलं. या घरात ते कुणी कुणाला विचारत नसे. सासूची बोटं सांगत आणि बाकीचे ऐकत. म्हणून दोन दिवस थांबले, आणि त्या दोन दिवसांत कुंपणाला इतकी लव लागली की लांबून कुंपण पिकल्यासारखं दिसायला लागलं. धाकटी रोज संध्याकाळी ती काटे टोचून घेत वेचत होती आणि मनातल्या मनात बोलत होती.

तिसऱ्या दिवशी कामाला हात लागला. शेळीची मान खांबाला आखूड बांधायची. आधी मोठ्या फणीने काडीकचरा, गोचीड, वाळलेलं शेण झाडून घ्यायचं. मग वाकड्या दातांची बारीक फणी, केसांच्या कलाने, खांद्यापासून मागे. लव सुटलेली असली की फणीबरोबर साईसारखी अखंड येते. पाठ आणि कुशी धाकटीकडे. गळा, काखा आणि पोट सासूकडे, कारण तिथली कातडी पातळ असते आणि सगळ्यात मऊ लव तिथलीच. सहा वर्षांत धाकटीच्या हातात ती बारीक फणी पोटाला कधी आली नव्हती. ती शिंगं धरायची, लाथा खायची आणि बघायची.

दुपारपर्यंत कमरेचे काटे ढिले झाले. नाकात केस, दातांत केस. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, मीठ लागलं की डोळ्यांत पाणी येई. 'साहेब' नावाचा बोकड विंचरून घेताना एवढा ताठ उभा राहतो की जणू फोटो काढतायत, आणि काम संपलं की फणीवाल्याच्याच पायावर मुततो. त्या दिवशीही मुतला. धाकटी हसली. सासू हसली नाही, आणि ते धाकटीला खटकलं, कारण साहेबाच्या मुतण्यावर सासू दरवर्षी हसते.

आणखी दोन गोष्टी तिने पाहिल्या. सासूच्या हातातून फणी दोनदा पडली, दोन्ही वेळा सासूने शेळीला शिव्या घातल्या आणि दोन्ही वेळा शेळी हललेली नव्हती. आणि प्रत्येक शेळीच्या आधी सासू "आले" म्हणून वैरणीच्या खोलीत जायची आणि लगेच परत यायची. म्हातारपणी लघवीला जावं लागतं, असं म्हणून धाकटीने तो विचार सोडून दिला. वैरणीच्या खोलीत कोण लघवीला जातं, हा विचार तिला तेव्हा सुचला नाही.

पाचव्या दिवशी पहिली पिशवी शालवालीकडे गेली. सहाव्या दिवशी शालवाली ती घेऊन परत आली.

ही बाई उंच, बोलायला कंजूस, गळ्यात दोऱ्याने बांधलेला चष्मा. आसपासच्या तीनच घरांची लव तिच्या हातमागावर चढते, आणि हे घर त्यातलं एक आहे, म्हणून या घराला बाजारात उभं राहावं लागत नाही. ती दारात आली, बसली नाही.

"कोमट पाणी आणा वाडग्यात," ती म्हणाली.

धाकटीने आणलं. शालवालीने पिशवीतली मूठभर लव पाण्यात दाबली. थोड्या वेळाने पाण्यावर तवंग आला. डोळ्याला दिसेल असा, रंग फिरवणारा.

"शेळीच्या लवेला मेंढीसारखं तेल नसतं," शालवाली म्हणाली. "हे माणसाचं आहे. आणि वास घ्या."

धाकटीच्या नवऱ्याने वास घेतला. "औषधाचा आहे," तो म्हणाला. "सांधेदुखीच्या मलमासारखा."

"ह्याच्या गुठळ्या होतात. सूत निघत नाही. निघालं तरी शाल अंगावर घेणाऱ्याला दवाखान्यात बसल्यासारखं वाटेल. कुणाच्या हाताला होतं?"

शालवाली धाकटीकडे वळली.

"हात दाखव."

धाकटीने हात पुढे केले. भर अंगणात, नवऱ्यासमोर, सासूसमोर, दूध न्यायला आलेल्या शेजारणीसमोर. शालवालीने तिचे तळवे नाकाशी नेले आणि चोरी पकडायला आल्यासारखा हुंगून वास घेतला. धाकटीच्या कानशिलांना आग लागली. तिच्या हातांना शेळीचा आणि साबणाचा वास होता.

"आत्ताच धुतलेत," शालवाली म्हणाली.

"मी दिवसातून सात वेळा धुते."

"सर्दीला काहीतरी चोळत होतीस ना तू, मागच्या आठवड्यात?" नवरा म्हणाला. त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, त्याला फक्त आठवलं होतं. पण तशी आठवण नेमकी तेव्हाच यावी, याबद्दल त्याला पुढे दोन दिवस पाणीसुद्धा स्वतःच्या हाताने घ्यावं लागलं.

"तो वाफारा होता!"

आणि मग सासू बोलली. धाकटीकडे न बघता, खांबाकडे बघत.

"नवा हात आहे. जोर आहे, जपणूक नाही."

सहा वर्षांचा हात नवा.

"परवा दुपारी येते," शालवाली म्हणाली. "एक शेळी माझ्यासमोर विंचरा. शेळी मी निवडेन. मग ठरवते, या घरातून न्यायचं का नाही ते." पिशवी तिने ओट्यावर ठेवली आणि गेली.

नवऱ्याने लगेच दुसरा मार्ग काढला. "मशीनवाल्याला सांगून ठेवतो. परवाच येऊ दे. एका दुपारीत एकतीसच्या एकतीस कापून देतो."

"आणि लव? राठ केसांत मिसळलेली कोण घेतं? गादीवाला?" धाकटी म्हणाली.

"घेईल कुणीतरी."

"आणि ही थंडी? रडकी शेळी आठ दिवसांत व्यायची आहे. तिला नागडी करून उभी करणार तुम्ही वाऱ्यात?"

"मग काय करू? निदान घरात हात हुंगायला तरी कुणी येणार नाही."

या वाक्यात त्याला तिची कीव आली होती, हे तिला कळलं. पण तिला कीव नको होती. तिला तिची पाठ, तिची कुशी, तिने सहा वर्षं खाल्लेल्या लाथा आणि ती बारीक फणी हवी होती. मशीन एकदा अंगणात आलं की फण्या खुंटीवरून कुणी काढणार नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

ती तडक गोठ्यात गेली आणि दोन्ही फण्या खाली काढल्या. स्वतःच्या फणीची मूठ हुंगली. शेळी. सासूच्या बारीक फणीच्या मुठीला चिंधी गुंडाळलेली होती. ती हुंगली आणि नाक झिणझिणलं. मग ती वैरणीच्या खोलीत गेली. फार शोधावं लागलं नाही. भुशाच्या पिंपात, वरच्या वर, कोपरापर्यंत हात घातला की लागेल अशी, मलमाची डबी. अर्धी संपलेली.

सासू हौदापाशी बादली विसळत होती. धाकटीने डबी हौदाच्या काठावर ठेवली. आवाज झाला तेवढा पुरे होता.

सासूने बादली विसळणं थांबवलं नाही. "कुठं होती?" ती म्हणाली.

"तुम्हाला माहीत नाही?"

बादली खाली ठेवली गेली. सासूने उजवा हात पुढे करून आपल्याच हाताकडे बघितलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं.

"ही तीन कळत नाहीत," ती म्हणाली. "अंगठा आणि ही दोन. थंडी सुरू झाली तेव्हापासून. आधी मुंग्या यायच्या, आता मुंग्यासुद्धा येत नाहीत. आणि मनगटात असं काही दुखतं की फणी फेकून द्यावी वाटते. मलम लावलं की एका शेळीपुरतं थांबतं."

"म्हणून दोन दिवस थांबा म्हणालात? बोटांना कळलंच नव्हतं?"

"नव्हतं कळलं."

"मग विचारायचं मला!"

धाकटीला दया आली होती आणि रागही आला होता, आणि राग पुढे होता, म्हणून तोच आधी बाहेर पडला.

"माझं नाव का घेतलंत? सगळ्यांसमोर?"

"तुझं वय आहे," सासू म्हणाली. "तुझं नाव चार वर्षांत धुऊन निघेल. माझ्याकडे तेवढी वर्षं नाहीत." आणि जरा थांबून, "वाईट केलं मी. कळतंय मला."

समोर रडकी उभी राहून दोघींकडे बघत होती. ती नेहमीच रडक्या तोंडाने बघते, त्यात विशेष काही नव्हतं.

"परवा शालवालीला तुम्ही सांगायचं," धाकटी म्हणाली. "मी तोंडातून एक शब्द काढणार नाही. तुम्ही सांगायचं. आणि परवापर्यंत मला गळा आणि पोट शिकवायचं."

"दोन दिवसांत?"

"सहा वर्षं बघतेय. फक्त हात लावायचा राहिलाय."

सासू त्यावर हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तिने फणीच्या मुठीची चिंधी सोडून चुलीत टाकली आणि मूठ राखेने घासली.

पुढचा दीड दिवस या दोघी गोठ्यातच होत्या. सासू पाटावर, धाकटी गुडघ्यांवर. "मनगट नको, कोपर हलू दे." "ओढू नकोस, चालव." "पोटाला फणी लावायची तर ती श्वास सोडते तेव्हा. घेते तेव्हा कातडी ताणलेली असते. ऐक आधी." धाकटी शेळीच्या बरगडीला कान लावून ऐकायला लागली. पहिल्या शेळीला दोन ओरखडे गेले. हळद दाबून ती पुढे गेली. दुसरीला एक. चौथीनंतर फणी आपोआप श्वासाबरोबर जायला लागली आणि धाकटीला इतकं बरं वाटलं की ती शीळ वाजवायला लागली. सासूने डोळे वटारले, पण ओरडली नाही.

आणि सासूनेही एक नवीन गोष्ट शोधून काढली. बोटांना कळत नव्हतं तर तिने गाल लावून बघितला. राठ केस हाताने बाजूला करायचे आणि गाल टेकवायचा. सुटलेली लव गालाखाली सरकते, न सुटलेली सरकत नाही. "कळतंय गं," ती शेळीच्या काखेत तोंड घालून म्हणाली. "बोटांपेक्षा बरं कळतंय." तेवढ्यात शेळीने तिच्या डोक्यावरचा पदर चावून खाल्ला. या वेळी मात्र सासू हसली.

हात कोरडे ठणठणीत होते. धाकटीच्या उजव्या अंगठ्याची भेग उलून लाल दिसत होती. मलमाची डबी चुलीमागच्या कोनाड्यात पडून होती आणि तिला कुणी हात लावत नव्हतं. सासूला दुखत असणार, कारण रात्रीचं जेवताना तिने घास डाव्या हाताने घेतला. मुलाने का म्हणून विचारलं. "हात भाजलाय," ती म्हणाली. धाकटीने ताटातून डोकं वर काढलं, सासूकडे बघितलं आणि परत खाली घातलं. अजून सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनवाला आधी आला. हसतमुख, जाडजूड माणूस, मशीन मांडीवर घेऊन अंगणाच्या भिंतीवर बसला. "सावकाश चालू द्या," तो म्हणाला. "मला घाई नाही. तुमचं जमलं नाही तर मी आहेच." असल्या धीराची धाकटीला चीड आली, पण तिने त्याला चहा दिला.

शालवाली आली. सगळ्या कळपातून एक फेरी मारली आणि बोट दाखवलं.

"ही."

रडकी. पोट हे एवढं, पाय फाकलेले, आज-उद्या नव्हे, पण आठवड्याभरात विणारी. तिला बांधली तर ती बसेल, धरली तर ओरडेल. धाकटीने तिला बांधलंही नाही. नवऱ्याला म्हणाली, "तिच्यासमोर उभे राहा आणि हातात पाला धरा. बोलू नका." तो पाला धरून उभा राहिला.

मोठी फणी. मग पाठ, मग कुशी. लव येत होती, फिकी, दाट, फणी भरली की ती झटकन काढून स्वच्छ फडक्यावर ठेवत होती. मग बारीक फणी हातात घेऊन ती गुडघ्यांवर बसली आणि गळ्याला गेली. रडकीने पाला चघळायचं थांबवलं. धाकटी थांबली. रडकीने श्वास सोडला, फणी चालली. पुन्हा थांबली, पुन्हा चालली. अंगणात चघळण्याशिवाय आवाज नव्हता. मशीनवाल्याचा चहा निवला तरी त्याने उचलला नव्हता.

शालवालीने फडक्यावरची लव चिमटीत धरून ताणली, उजेडात धरली, हुंगली. वाडगं मागवलं, पाण्यात दाबली. पाणी स्वच्छ राहिलं.

"हात चांगला आहे," ती म्हणाली. "इतका चांगला आहे तर त्या दिवशी काय झालं होतं?"

धाकटी गळ्याखाली वाकलेली होती. तिने मान वर केली नाही. बोलणार नाही म्हणाली होती, नाही बोलली. पण तिच्या हातातली फणी थांबली होती, कारण सासू आता गप्प राहिली तर हे नाव कायमचं तिलाच चिकटणार होतं.

पाट सरकल्याचा आवाज आला. सासू उठून उभी राहिली. पदराने दोन्ही हात पुसले आणि शालवालीपुढे धरले.

"आज वास यायचा नाही," ती म्हणाली. "दोन दिवस लावलेलं नाही. पण त्या दिवशीचं मलम या हातांचं होतं. माझ्या बोटांना कळत नाही आता. मी लपवलं, आणि हिच्यावर ढकललं."

रडकीसमोर पाला धरलेला हात हळूहळू खाली गेला. नवऱ्याने आईकडे बघितलं, मग बायकोकडे बघितलं, आणि मग जमिनीकडे, कारण तिथे बघणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

शालवालीने सासूचे हात हुंगले नाहीत. आपल्या हातांत घेतले, बोटं एकेक दाबून पाहिली आणि सोडली. मग धाकटीकडे वळून, "परवा तुझे हात हुंगले मी," म्हणाली. "चुकलं." तिला एवढंच बोलता येत होतं आणि तेवढं तिने केलं. मग तिने कामाचं विचारलं. "पोटाची राहिली. ती कधी काढायची ते आता या घरात कोण ठरवणार?"

सासू खाली बसली. रडकीच्या पोटावरचे राठ केस बाजूला केले, गाल टेकवला, डोळे मिटले. सगळे थांबले. तिने तोंड वळवून, गाल तसाच ठेवून, सुनेला विचारलं.

"तुला काय वाटतं गं? सुटलीय?"

धाकटीने दोन बोटं खुपसली. घाई केली नाही. फणीखाली आलेली सगळी लव आता फडक्यावर होती, समोर शालवाली उभी होती, भिंतीवर मशीनवाला होता, आणि पोटाची लव सगळ्यात मऊ, सगळ्यात भारी. काढून दाखवायची हीच वेळ होती.

"नाही," ती म्हणाली. "दोन दिवस थांबा."

"मलाही तेच वाटतंय," सासू म्हणाली.

शालवालीने फडक्याच्या चारही कोपऱ्यांची गाठ मारली आणि गाठोडं काखेत घेतलं. "दोन दिवसांनी येते. बाकीची तयार ठेवा," म्हणाली आणि निघाली. मशीनवाला भिंतीवरून उतरला, थंडगार चहा एका घोटात प्यायला आणि म्हणाला, "मग मी आता बघतच बसतो थोडा वेळ. घरी जाऊन तरी काय करू?"

सासू पाटावर बसून उजवं मनगट डाव्या हाताने दाबत होती. आता लपवायचं काही नव्हतं, म्हणून ती उघडपणे कण्हली.

"ती डबी आण गं," ती सुनेला म्हणाली. "चुलीमागं आहे. आता मला लावायला काय हरकत आहे?"

धाकटी पुढची शेळी खांबाला बांधत होती. तिने आपले कोरडे, भेगाळलेले दोन्ही हात वर करून दाखवले.

"माझ्या हाताला चालत नाही," ती म्हणाली. आणि नवऱ्याकडे हनुवटी उडवली. "ह्यांना सांगा. ह्यांना सगळी औषधं आठवतात."

नवरा चुलीमागे गेला, डबी घेऊन आला आणि आईसमोर उकिडवा बसला. एकेक बोट धरून चोळायला लागला. भिंतीपाशी उभा राहून मशीनवाला त्याला सांगत होता, "अंगठ्याच्या मुळाशी दाब. जोर लाव की जरा."